खोट्या वेळेची चाचणी एकाच यंत्रावर का नापास होते : पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या वजनाची पावती काढणारी प्रणाली जो लिहितो, त्याला वर्षातून एकदाच येणारा एक क्षण तपासावा लागतो. साखर वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे ३० सप्टेंबरच्या मध्यरात्री हंगाम बदलून पावती क्रमांक पुन्हा १ वर आला पाहिजे. त्यासाठी कोणी वर्षभर थांबत नाही. चाचणीपुरते घड्याळ रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५० सेकंदांवर नेऊन ठेवतात. आमची ही चाचणी छत्रपती संभाजीनगरातल्या लॅपटॉपवर रोज पास होत होती. मात्र केबिनमध्ये बसवायच्या ३२-बिट एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणक-बोर्डावर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली टाकल्यापासून ती रोज नापास होऊ लागली. पावतीवर छापून येत होती आजची तारीख आणि दुपारची खरी वेळ.

यंत्राचे घड्याळच मागेपुढे केले तर सुरक्षा प्रमाणपत्रे बाद ठरतात, नोंदींचा क्रम बिघडतो आणि वेळ जुळवणारी सेवा घड्याळ पुन्हा जागेवर आणते. म्हणून लिनक्सवर फक्त त्या एका प्रोग्रॅमला फसवण्याची पद्धत रुळली. एलडी-प्रीलोड या सोयीने लिबफेकटाइमसारखी खोटी वेळ सांगणारी लायब्ररी मूळ लायब्ररीच्या आधी चढवली जाते आणि वेळ विचारणाऱ्या फंक्शनच्या नावाने तीच उत्तर देते. सगळी मदार त्या नावावर असते, आणि माझ्या मते या प्रकारच्या बहुतेक बिघाडांचे मूळही तिथेच आहे.

कारण नावे बदलत गेली. युनिक्सचे काळमापन १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते, बिघडलेल्या पावतीवर ०५:३० दिसले की कुठेतरी शून्य पोहोचला आहे, हे जाणकार लगेच ओळखतो). सुरुवातीला टाइम, मग गेटटाइमऑफडे, पुढे क्लॉक-गेटटाइम अशी फंक्शने वाढली. ३२ बिटांत हे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी संपतात. भारतीय वेळेनुसार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद, म्हणजे ऐन गाळपात, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना. हा पेच सोडवण्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये जीलिबसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीने ३२-बिट यंत्रांना ६४-बिट वेळेची सोय दिली, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून तिच्यासाठी वेगळी नावे ठेवली. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट एआरएमवर हीच वेळ सरसकट लागू केली. ३२-बिट इंटेलला मात्र जुन्याच मापावर ठेवले.

प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, काय काय विचारतो ते दाखवणारा एस्ट्रेस आम्ही आधी लावून पाहिला. त्यात वेळेची एकही विचारणा दिसली नाही आणि एक दिवस वाया गेला. दिसणार तरी कशी? कर्नलने प्रोग्रॅमच्याच स्मृतीत ठेवलेल्या व्हीडीएसओ या कोडमुळे वेळ बहुधा कर्नलपर्यंत न जाताच मिळते. उलगडा झाला तो प्रोग्रॅम कोणती नावे मागतो ते दाखवणाऱ्या एनएमने: लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम क्लॉक-गेटटाइम मागत होता, बोर्डावरचा क्लॉक-गेटटाइम-६४. जुन्या प्रकल्पातून उचललेल्या आमच्या लिबफेकटाइमच्या प्रतीला हे दुसरे नाव माहीतच नव्हते, त्यामुळे विचारणा थेट खऱ्या घड्याळाकडे जात होती.

मॅकओएसची तऱ्हा वेगळी. तिथे एलडी-प्रीलोडच्या जागी डीवायएलडी या लोडरचा चल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) असतो, पण २०१५ च्या एल कॅपिटनपासून संरक्षित प्रोग्रॅम सुरू होताना तो पुसला जातो. त्यामुळे सिस्टीमच्या शेलमधून, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या संरक्षित प्रोग्रॅममधून, चालवलेली चाचणी नापास होते आणि तीच थेट चालवली तर पास होते. गो भाषेतले प्रोग्रॅम लिनक्सवर वेळेसाठी जीलिबसीकडे जातच नाहीत. तिथे घड्याळ प्रोग्रॅममध्येच बदलण्याजोगे ठेवावे लागते.

बोर्डावर लिबफेकटाइमची नवी प्रत चढवल्यावर तारीख बरोबर आली, पण आता चाचणी संपेना. प्रिंटरची वाट पाहणारा थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्र धागा) मोनोटोनिक घड्याळावर, म्हणजे कधीही मागे न जाणाऱ्या घड्याळावर झोपतो, आणि लिबफेकटाइम तेही खोटे करते. त्या वाट पाहण्याच्या फंक्शनवर जीलिबसीने लावलेल्या आवृत्तीच्या खुणा प्रोसेसरागणिक वेगळ्या असतात: ६४-बिट इंटेलवर २.२.५ आणि २.३.२, तर आमच्या एआरएमवर २.४. चुकीची खूण धरली गेली की थ्रेड खऱ्या घड्याळाने खोट्या वेळेची वाट पाहत बसतो. मोनोटोनिक घड्याळाला हात लावू नये, अशी सूचना चलातून दिल्यावर दहा सेकंदांनी बोर्डाने १ ऑक्टोबरची, क्रमांक १ ची पावती छापली.