दोन राखाडी, एक भिंत

शेडकार्डावरच्या दोन फिकट राखाडी चौकोनांवर बोट ठेवून ग्राहक विचारतात, "यांत फरक काय?" कार्डावर फारसा दिसत नाही, हे खरंच. भिंतीवर चढल्यावर मात्र एक निळसर दिसतो, दुसरा मातकट, आणि तोवर डबे फोडून झालेले असतात. म्हणून शेड सांगण्याआधी एवढं वाचा.

राखाडी रंग सहसा पांढऱ्यात नुसता काळा घालून होत नाही. त्यात पिवळ्याचे, निळ्याचे, कधी तांबड्याचे चार थेंब असतात. तीच त्याची झाक. ती पकडायची तर कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकेक शेड ठेवून बघा. एरवी साधा वाटणारा राखाडी तिथे लगेच हिरवट किंवा जांभळट दिसतो.

दोन नमुने एकमेकांना चिकटवून मात्र ठरवू नका. निळसर शेडच्या शेजारी दुसरी उगाच पिवळट भासते. ही गंमत जुनी आहे. पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका पडतो अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी तपासलं, तेव्हा खोट काळ्यात नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्यांनी हे सविस्तर मांडलं.

तेव्हा दोन फूट लांब-रुंद असे दोन पुठ्ठे घ्या. प्रत्येकावर एकेका शेडचे दोन हात मारा, कडेने दोन बोटं पांढरी जागा सोडा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर विश्वास ठेवू नका. मग पुठ्ठे खोलीभर फिरवा: खिडकीसमोर, खिडकीच्याच भिंतीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात. खाली लाल फरशी असेल तर पुठ्ठ्याचा खालचा भाग गुलाबीसर दिसेल, बाहेर दाट झाड असेल तर हिरवट. घरातलं सामान हलवायची गरज नाही, पुठ्ठाच हलवा.

आणि दिवे लावून बघाच. दिवसा जुळ्या वाटणाऱ्या शेड २७०० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली वेगळ्या होऊ शकतात, ६५०० केल्विनच्या पांढऱ्याखाली आणखी वेगळ्या. ज्या खोलीत तुम्ही संध्याकाळीच बसता, तिथे आम्ही तरी दिव्यातल्या रंगालाच मत देऊ. बल्ब बदलायचे असतील तर रंगाआधी बदला.

काही कार्डांवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो ते सांगणारा: शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा. दोन शेडमध्ये दोन-तीनचाच फरक असेल, तर फिकट-गडदचा वाद सोडा, झाकेकडे बघा.

चार दिवस पुठ्ठे ठेवूनही दोन्ही सारखेच वाटले, तर खुशाल कोणतीही शेड घ्या. फक्त सगळे डबे एकदम बनवून घ्या आणि लावण्याआधी एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. एकाच कोडचे दोन डबेही कधी कधी थोडे वेगळे निघतात, आणि तो फरक नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.