जोडप्यांचे रिअ‍ॅलिटी शो

नवरा-बायको, प्रेमात पडलेले दोघे किंवा कार्यक्रमातच जमलेल्या जोड्या एकमेकांशी स्पर्धा करतात असा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम-प्रकार. स्पर्धा नाचाची असेल, प्रवासाची किंवा प्रश्नोत्तरांची. एक चुकला की दोघेही बाद, हा नियम मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच. त्यामुळे प्रेक्षक खेळापेक्षा त्या दोघांचे कसे चालले आहे याकडेच जास्त पाहतो.

या प्रकाराचे मूळ टीव्हीच्या आधीचे आहे. १९२३ मध्ये आल्मा कमिंग्ज यांनी न्यूयॉर्कमध्ये सलग २७ तास नाचून विक्रम केला आणि अमेरिकेत नृत्य-मॅरेथॉनची लाट आली. महामंदीच्या काळात तिचा रीतसर धंदा झाला. बेकार तरुण-तरुणी बक्षिसाच्या रकमेसाठी, आणि तोवर पोटाला मिळेल म्हणून, आठवडेच्या आठवडे नाचत राहत. तासातून काही मिनिटांची विश्रांती. गुडघे जमिनीला टेकले की खेळ संपला. म्हणून एकाला झोप लागली तर दुसऱ्याने त्याला अंगावर तोलून पाय हलते ठेवायचे. तिकीट काढून आलेल्या गर्दीसाठी आयोजक तिथेच स्पर्धकांची लग्ने लावत, त्यांतली काही निव्वळ खोटी असत. सिडनी पोलॅक यांच्या ‘दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?’ (१९६९) या चित्रपटात ही सगळी क्रूरता दिसते. या विषयावरचा तो आजही सर्वांत प्रामाणिक चित्रपट म्हणावा लागेल.

टीव्हीने दमवणूक वगळली आणि घरगुती गुपिते पुढे आणली. अमेरिकेतील ‘द न्यूलीवेड गेम’मध्ये (१९६६) नवविवाहितांपैकी एकाला बाहेर पाठवून दुसऱ्याला प्रश्न विचारत, मग दोघांची उत्तरे जुळवून पाहत. उत्तर चुकले की होणारे भांडण हीच खरी करमणूक. भारतात २००५ साली ‘नच बलिये’ सुरू झाला. पहिले पर्व सचिन आणि सुप्रिया पिळगावकर यांनी जिंकले. २०१९ च्या नवव्या पर्वात विभक्त झालेल्या जोड्याही नाचायला आणल्या गेल्या. नाच तोच राहिला, पण पाहण्याची गोष्ट बदलली.

ब्रिटनच्या ‘लव्ह आयलंड’ने (२०१५) अनोळखी तरुणांना एकत्र ठेवून जोड्या जमवल्या. सुरुवातीच्या पर्वांत विजेत्या जोडीतील दोघांपैकी ज्याने उचललेल्या बंद पाकिटात ५०,००० पौंड निघत, त्याने ते वाटून घ्यायचे की एकट्याने ठेवायचे हे सर्वांसमक्ष ठरवायचे असे. माजी स्पर्धकांच्या मृत्यूंनंतर २०१९ मध्ये वाहिनीला प्रत्येक स्पर्धकासाठी किमान आठ समुपदेशन सत्रांची सोय जाहीर करावी लागली. हे फार उशिरा झाले.

प्रेमपटांना हा मंच आवडतो, कारण नायक-नायिकेला जवळ आणायला वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. नियमच ते काम करतो. शिवाय कॅमेऱ्यापुढे सोंग घेता येते. ‘रब ने बना दी जोडी’मध्ये (२००८) नवरा वेश पालटून आपल्याच बायकोचा नृत्यस्पर्धेतला जोडीदार होतो. इतर कथांत बक्षिसासाठी जोडपे असल्याचे नाटक करणारे दोघे असतात. अशा बहुतेक चित्रपटांत शेवट मंचावरच्या कबुलीने होतो. संकलनाच्या टेबलाकडे मात्र ते क्वचितच वळतात. खऱ्या शोमध्ये एका दिवशीचे हसू दुसऱ्या दिवशीच्या वाक्याला जोडले जाते, आणि एकांतात घेतलेल्या मुलाखतीतला एखादा तुकडा भलत्याच प्रसंगावर बसवला जातो. कोणती जोडी प्रेमळ दिसेल आणि कोणती कजाग, हे पुष्कळदा तिथेच ठरते.