टायर आतून खाल्ला, पण कोणी? कॅम्बरने की टोने?

पार्ल्याच्या एका मित्राने जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली, महिन्याभरात लोअरिंग स्प्रिंग टाकले, गाडी साधारण ३० मिमी खाली बसली आणि दिसायला एकदम कडक झाली, पण सहा महिन्यांत मागचे दोन्ही टायर आतल्या कडेला तार दिसेपर्यंत गेले. बाहेरून बघाल तर नक्षी शाबूत. अलाइनमेंटवाल्याने चाकाकडे एक नजर टाकून निकाल दिला, "साहेब कॅम्बर आउट आहे, गाडी खाली केली ना, मग टायर खाणारच." मग मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, उणे अडीच डिग्रीवरून उणे दीडवर आणला, नवे टायर चढवले, आणि हा सेट पहिल्यापेक्षाही लवकर गेला!

कारण कॅम्बर बदलताना टो, म्हणजे चाक कुठल्या दिशेला बघतंय ते, हललं होतं आणि त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही.

दोन्ही शब्द एकाच कागदावर छापून येतात, दोन्ही डिग्रीत असतात, दोन्हींनी टायर आतून जाऊ शकतो, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. कॅम्बर दिसतो समोरून. गाडीसमोर उकिडवे बसा आणि चाक बघा, वरची कड आत झुकलेली असेल तर उणे कॅम्बर. टो दिसतं वरून, म्हणजे खरंतर दिसतच नाही, चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, लांब गेली असतील तर टो-आउट. चपलेचं उदाहरण घ्या. टाच एका बाजूला जास्त झिजते कारण तुम्ही पाय तिरका टेकवता, तो कॅम्बर. आणि पावलं बदकासारखी बाहेर फाकवून सरळ रेषेत चालायचा हट्ट केलात तर प्रत्येक पावलाला तळवा थोडा आडवा घासतो, ते टो. पहिल्यात वजन एका कडेवर जास्त पडतं, दुसऱ्यात अख्खा तळवा किसणीवर खोबरं ओढल्यासारखा ओढला जातो.

हे नुसतं म्हणायला नाही, हिशेब करून बघा. एका चाकाला पाव डिग्री, म्हणजे १५ मिनिटं टो असेल (१ डिग्री म्हणजे ६० मिनिटं) तर ते चाक ज्या दिशेला बघतंय आणि गाडी ज्या दिशेला चाललीय त्यात दर किलोमीटरला साधारण ४.४ मीटरचा फरक पडतो. अटल सेतू २१.८ किमी आहे. एकदा शिवडीहून पलीकडे गेलात की ते चाक जणू ९५ मीटर आडवं घासलं, आणि परत यायचंय अजून. आता उणे दीड कॅम्बर आणि टो शून्य घ्या. चाक जिकडे बघतंय तिकडेच चाललंय, आतल्या कडेवर वजन जास्त म्हणून ती थोडी आधी झिजेल, पण तेवढ्याने काही बोंब होत नाही. कॅम्बर अगदीच उणे तीनच्या आसपास गेला आणि गाडी फक्त शहरात चालत असेल तर मात्र तो एकटाही टायर संपवतो, ते मान्य.

खरा घात दोघं एकत्र आले की होतो. उणे कॅम्बरने वजन आतल्या कडेवर आणून ठेवलं, टो-आउटने तीच कड रस्त्यावर घासली. लोअर केलेल्या गाडीत हे जोडीने होण्याची शक्यता जास्त, कारण स्प्रिंग बदलले की आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे दांडे) आणि टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) यांचे कोन बदलतात आणि कॅम्बर, टो दोन्ही आपापल्या मर्जीने सरकतात. वर एक चावटपणा असा की कॅम्बर सेट केला की टो पुन्हा बदलतं. आत जाईल की बाहेर हे पुढच्या चाकांना स्टिअरिंग रॅक कुठे बसवलाय त्यावर आणि मागे आर्मच्या रचनेवर ठरतं. म्हणून क्रम ठरलेला आहे, आधी मागचा कॅम्बर, मग मागचं टो, मग पुढचा कॅम्बर, आणि पुढचं टो सगळ्यात शेवटी. मित्राच्या गाडीत मागच्या कॅम्बरलाच काम थांबवलं. नंतर दुसऱ्या ठिकाणी मोजलं तर मागे प्रत्येक चाकाला १५ मिनिटं टो-आउट! पावसात फ्रीवेवर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की शेपूट का हलायची तेही तेव्हा कळलं, रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीला (जिची मागची चाकं इंजिन फिरवतं) मागे टो-आउट म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

टायर बघून कोण दोषी ते बऱ्यापैकी ओळखता येतं. हात फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला मांजरावर उलटा हात फिरवल्यासारखं खरखरीत लागलं, नक्षीच्या ब्लॉकच्या कडा करवतीच्या दातांसारख्या उभ्या राहिल्या असतील, तर टो. एकच कड झिजलीय पण दोन्हीकडून सारखीच गुळगुळीत, तर कॅम्बर. गाडी एका बाजूला ओढत असेल तर डाव्या-उजव्या कॅम्बरचा फरक बघा, ज्या चाकाचा कॅम्बर कमी उणे आहे तिकडे गाडी ओढते (आणि हो, आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, तेवढं ओढणं गाडीच्या माथी मारू नका). गाडी सरळ चाललीय पण स्टिअरिंग वाकडं आहे, मग मागच्या चाकांच्या टो-पासून तपास सुरू करा.

आता आकडे. स्प्रिंग टाकून थोडी खाली आणलेली रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडी, रोज ऑफिस आणि कधीमधी लोणावळा, यासाठी मी पुढे उणे १ ते उणे १.५ कॅम्बर ठेवेन, मागे उणे १.५ ते उणे २. पुढचं टो शून्य किंवा दोन्ही चाकं मिळून ५-१० मिनिटं इन, कारण चालताना पुढची चाकं मागे ढकलली जाऊन थोडी उघडतात. मागे एकूण १२ ते २० मिनिटं टो-इन, हे मी सोडणार नाही. ते फुकट नाही, १२ मिनिटं म्हणजे प्रत्येक चाकाला ६, अटल सेतूच्या हिशेबाने एका फेरीला ३८ मीटर, पण पावसात ब्रेक मारताना गाडी सरळ राहते त्याची ती किंमत. ट्रॅकवर नेणार असाल, कोईम्बतूरचं करी मोटर स्पीडवे वगैरे, तर पुढे उणे अडीच-तीन लागतोच, वळणात बॉडी झुकली की बाहेरचं चाक सपाट टेकावं म्हणून. सायनच्या सिग्नलला त्याचा उपयोग शून्य.

कागद हातात आला की आधी एकक बघा. ०.२० डिग्री म्हणजे १२ मिनिटं, २० नाही, यात भलेभले फसतात. मिलिमीटरमध्ये सांगितलं तर १७ इंची रिमवर १ मिमी म्हणजे साधारण ८ मिनिटं. आणि "सगळं ग्रीन आहे साहेब" यावर घरी जाऊ नका, मशीनची हिरवी पट्टी कंपनीच्या मूळ उंचीसाठी असते आणि चांगली रुंद असते, एक चाक पट्टीच्या या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला असलं तरी स्क्रीन हिरवाच. काम सुरू व्हायच्या आधी चारही चाकांच्या सेंटरपासून फेंडरपर्यंत उंची मोजायला लावा, बुश (सांध्यांमधली रबरं) आणि टाय रॉड एंड हलवून बघायला सांगा. बुश ढिले असतील तर कितीही सेटिंग करा, पहिल्या पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्यात सगळं विस्कटणार. आणि बऱ्याच गाड्यांना पुढे कंपनीचं कॅम्बर ॲडजस्टमेंटच नसतं, तिथे कॅम्बर प्लेट किंवा कॅम्बर बोल्ट लागतो. काही जण स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) साखळीने ओढून वाकवून देतात, तिथून गाडी घेऊन सरळ निघा.

मित्राने तिसऱ्या सेटला मागचा कॅम्बर उणे दोनच्या जवळ ठेवला, म्हणजे दुसऱ्या वेळेपेक्षा जास्तच, फक्त मागचं टो एकूण १६ मिनिटं इन करून घेतलं. टायर अजून चालू आहेत. दर महिन्याला तो पार्किंगमध्ये पायपुसणं टाकून गाडीमागे बसतो आणि चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवत राहतो, परवा वॉचमनने येऊन विचारलं, "साहेब, काही पडलंय का?"