डोह (काव्यप्रतीक)

नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्रातील खोल, संथ पाण्याची जागा. वळणावर किंवा खडकावरून पडताना प्रवाह तळ खरवडतो आणि तिथे डोह तयार होतो. ‘ह्रद’ या संस्कृत शब्दापासून हे नाव आले. कोकणात कोंड म्हणतात. उन्हाळ्यात पात्र आटले तरी डोहात पाणी राहते, त्यामुळे वैशाखात गुरे आणि माणसे तिथेच येतात.

तळ दिसत नाही, म्हणून भीतीही तिथेच. डोहात साती आसरा, म्हणजे सात जलदेवता, असतात अशी समजूत आहे; त्यांना हळदकुंकू, खण, हिरव्या बांगड्या वाहतात. महाडजवळच्या वाळण कोंडीतले मासे देवीचे मानून कोणी धरत नाही. ‘त्याच्या मनाचा ठाव लागत नाही’ असे आपण सहज म्हणतो, तीही मुळात पाण्याचीच भाषा.

तुकारामांनी ही भीती पार पुसून टाकली. ‘आनंदाचे डोही आनंदतरंग’ या अभंगात डोह, तरंग आणि पाहणारा एकच होतात. पुढे त्याच अभंगात गर्भाच्या आवडीने आईला लागणारा ‘डोहळा’ येतो. हा शब्द ‘दोहद’पासूनचा, त्याचे डोहाशी नाते नाही, पण कानाला ते जुळते, आणि आत दडलेल्या जिवाची खूण वर उमटावी तसा तरंग उठतो.

बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत डोह पुन्हा काळा होतो. आधी निळासावळा झरा, मग चार घरांचे गाव, शेतमळे, आणि हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट. वाहते पाणी शेवटी थांबलेल्या पाण्यापाशी येते. तिथे पसरलेल्या काळिम्याला कवी ‘गोड’ म्हणतो, आणि पाण्यात पाय सोडून औदुंबर बसलेला असतो. हे वैराग्य की उदासी, यावर समीक्षकांनी पुष्कळ वाद घातला. मात्र ‘गोड’ हा शब्द बाजूला सारून केलेला कोणताही अर्थ लंगडाच वाटतो.

श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांच्या ‘डोह’ (१९६५) या ललितलेखसंग्रहात कृष्णाकाठचे बालपण येते. कुलकर्णी औदुंबर गावचे. बालकवींचा औदुंबर मात्र झाड आहे.