कुंपणालगतचा 'अशोक' आणि खरा सीता-अशोक

"सोसायटीतला उंच, सरळसोट अशोक म्हणजे सीतेच्या अशोकवनातलंच झाड," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. नर्सरीतही त्याला अशोकच म्हणतात, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे.

ते झाड आसुपालव, सीताफळाच्या कुळातलं. सीता-अशोक मात्र चिंचेच्या कुळातला, शेंगा धरणारा.

पान हातात घेऊन बघा. आसुपालवाचं सुटं, लांबट, कडेला लाटा असलेलं. सीता-अशोकाच्या एका देठावर पानांच्या ४ ते ६ जोड्या. कोवळी पालवी तांबूस, मऊ, चिंधीसारखी लोंबणारी. वसंतात फांद्यांवर, अगदी खोडावरही केशरी-लाल झुपके फुटतात.

औषधासाठी साल ओरबाडल्याने सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा हा देखणा वृक्ष दुर्मीळ होत चाललाय. आसुपालव लावून तो वाचणार नाही. रोप घेताना जोडपानं बघूनच घ्या.