पोरगा आत जाऊन आला, म्हणजे नोकरी संपली?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांत राबणारे कितीतरी आईबापही हेच धरून बसतात: पोरगा जेलात जाऊन आला, आता त्याला कुणी कामावर घेणार नाही. असा सरसकट कायदाच नाही. कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे असा, तर दोषीही ठरलेला नसतो. खासगी मालक त्याला खुशाल ठेवू शकतो.

सरकारी नोकरीत अडचण आहे, पण खरी गोम चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये. शहाणे शेजारी सांगतात, ‘केसचं लिहू नको.’ नेमकं तेच अंगाशी येतं. फॉर्ममध्ये विचारलं असेल तर खरं लिहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात बजावलं. त्यानंतरही गुन्ह्याचं स्वरूप पाहून नेमणूक नाकारता येते, हेही खरंच. मात्र १९५८ च्या ‘प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स’ कायद्याखाली कोर्टाने प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तर त्यातल्या कलम १२ मुळे दोषी ठरल्यापायी येणारी अपात्रता लागत नाही. कोर्टाच्या त्या आदेशाची प्रत पोराच्या दाखल्यांसोबत ठेवा.