मिश्रक ते औषध निर्माण अधिकारी: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषध खिडकीची पार्श्वभूमी

स्वातंत्र्याआधी, 1946 साली आलेल्या आरोग्य समितीच्या अहवालाने 40 हजार वस्तीच्या केंद्राला दोन डॉक्टर आणि औषधांसाठी एक माणूस सुचवला होता. आज केंद्रामागची वस्ती मैदानी भागात 30 हजार, डोंगरी-आदिवासी भागात 20 हजार धरतात. खिडकीमागे माणूस मात्र बहुतेक ठिकाणी अजून एकच.

त्या माणसाला कागदोपत्री ‘मिश्रक’ म्हणत, बोलताना कंपाउंडर. शब्द कामाला चपखल होता. रुग्ण घरून बाटली आणायचा, बरणीतल्या द्रावणातून औषध तयार व्हायचे आणि बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी डकवली जायची. एका खाचेपर्यंत एक वेळचा डोस. 1948च्या फार्मसी कायद्याने औषध देणाऱ्यांची नोंदणी आणली, 1962पासून केंद्रे जिल्हा परिषदांकडे आली. तयार गोळ्यांमुळे मिश्रण बंद पडत गेले आणि पदाच्या नावात मात्र ‘निर्माण’ येऊन बसले.

‘औषध निर्माण अधिकारी’ हे नाव किरकोळ बाब नाही. ‘निर्माण’ म्हटले की कारखाना आठवतो, ‘अधिकारी’ म्हटले की साठा नोंदवही आणि मागणीपत्र. रुग्णाशी बोलणे दोन्हींत बसत नाही. हे बोलणे ज्यात येते तो ‘क्लिनिकल’, म्हणजे रुग्णाशी थेट संबंधित, हा शब्द 2008च्या सहा वर्षांच्या फार्म.डी. या पदवीने आणला, असे सर्रास सांगतात. ते अर्धेच खरे. 1991च्या डी.फार्म. या पदविकेच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला ‘हॉस्पिटल अँड क्लिनिकल फार्मसी’ हा विषय होताच, आणि 500 तासांच्या प्रशिक्षणातले निदान 250 तास चिठ्ठीवरून औषध देण्यात घालवायचे होते. शिकवले होते, पदाच्या कामात धरले नाही. 2015च्या फार्मसी व्यवसायाच्या नियमांनी रुग्णाच्या समुपदेशनाचे मुद्दे लिहून दिले: डोस, कालावधी, दुष्परिणाम, साठवण, डोस चुकला तर काय. वेळ कुठून काढायचा, हे लिहिले नाही.

ताप-खोकल्याच्या तीन दिवसांच्या गोळ्यांत हे खपून जात होते. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे महिन्याच्या हिशेबाने मिळू लागली तेव्हा उणीव उघडी पडली. खरेदीगणिक कंपनी बदलते, तशी गोळ्यांच्या पट्टीचा रंग आणि गोळीचा आकारही बदलतो. आजी घरातली जुनी अॅम्लोडिपीन 5 मिलिग्रॅम ही रक्तदाबाची गोळी आणि नवी, दोन्ही घेतात. दोन वेगळी औषधे समजून. पायाला सूज येते, चक्कर येते. उपाय साधा आहे: जुनी पट्टी सोबत आणायला सांगावी, ती नव्या पट्टीशेजारी ठेवून दाखवावी, उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, मगच पुढचे 30 दिवसांचे औषध द्यावे. मधुमेहाची दीर्घकाळ विरघळणारी मेटफॉर्मिन तोडू किंवा कुटू नये, हेही तिथेच सांगायचे. पॅरासिटामॉलचे पातळ औषध 5 मिलीत 125 मिलिग्रॅमऐवजी 250चे आले आणि आईला कोणी सांगितले नाही, तर त्याच चमच्यातून बाळाला दुप्पट डोस जातो.

2018पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि हीच महिन्याची औषधे गावात पोचली. ही सोय मोठी आहे. रुग्णाची एसटीची फेरी वाचते. पण उपकेंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद नाही. औषधे समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आरोग्यसेविका देतात. सरकारी कार्यक्रमांतली औषधे वाटणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना 1945च्या औषध नियमांतल्या ‘के’ अनुसूचीने विक्री परवान्यातून सूट दिली आहे, पण ती तुटपुंज्या, ठरावीक औषधांच्या काळातली. पट्ट्या शेजारी ठेवून दाखवण्याचे काम तिथे कोणाचे, हे कोणत्याच पदाच्या नावात नाही.